फिट आहे, पण तारीख नाही

आमचे तात्या पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि नगरजवळच्या हिवरे बाजारात येऊन स्थिरावले. माझी आतेबहीण, म्हणजे तात्यांची सख्खी भाची, राज्यातल्या एका प्रादेशिक मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. न्यायालयाच्या हुकमाने दाखल होणाऱ्या रुग्णांचं काम तिच्याकडे असतं. ज्या माणसाला तात्यांनी बेडी घालून दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचवलं, त्याचं फाटकाच्या आतलं आयुष्य ताईला ठाऊक. दिवाळीला ती आली आणि ‘आमच्याकडे खाटा पुरत नाहीत’ असं बोलून गेली. तात्या असलं बोलणं तसंच जाऊ देत नाहीत. पुढचा वाद आठवतो तसा मांडतो आहे; मधला चहा आणि शेजाऱ्यांची भर गाळली आहे.

तात्या : खाटा पुरायच्या कशा? तीनशेदोनचा आरोपी आत आला की वकील पहिलं काय विचारतो ठाऊक आहे? घरात कुणाला डोक्याचा आजार होता का. नसला तर एखादा चुलता शोधून काढायचा.

ताई : आणि मामा, तुमच्या नोकरीत असे सुटले किती?

तात्या : सुटले किती ते नको विचारू. अर्ज किती पडले ते विचार.

ताई : अर्ज काय, कुणीही टाकतो. सुटायला पुरावा लागतो, आणि वेडाचा पुरावा आरोपीनं द्यायचा असतो. नुसतं आजारी असून भागत नाही. वार करताना आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे कळण्याची शक्तीच उरली नव्हती, असं दाखवावं लागतं. त्या घटकेला. सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्येच हे पक्कं करून ठेवलंय. वर्षानुवर्षं कानात आवाज ऐकणारा, महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन घेणारा माणूस कायद्याच्या लेखी पूर्ण शहाणा ठरू शकतो, आणि ठरतोही.

ताई ज्या कलमाबद्दल बोलत होती ते जुन्या दंड संहितेतलं ८४. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २२ झालं, गाभा तोच राहिला. त्याचं मूळ लंडनच्या एका खटल्यात सांगतात. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांच्या खासगी सचिवाला गोळी घातली. सरकारपक्ष आपला छळ करतोय, अशी त्याची पक्की समजूत होती. ज्यूरीनं त्याला सोडलं, राणीपासून सगळे खवळले, आणि न्यायाधीशांना नियम लिहून द्यावा लागला. तो नियम आपण १८६० मध्ये घेतला आणि अजून वापरतो. मॅकनॉटन ‘सुटला’ असं पुस्तकं म्हणतात. मेला मात्र वेड्यांच्या इस्पितळातच, बावीस वर्षांनी.

ताई : तुमच्याच खात्यातलं उदाहरण देऊ? २००२ चा निकाल आहे, महाराष्ट्रातलाच. एका शिपायानं बायकोच्या डोक्यात वाटण्याचा दगड घातला. दिवसाढवळ्या, काही न लपवता. सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली, उच्च न्यायालयानं कायम केली. सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं की त्याला आधीपासून संशयाचा स्किझोफ्रेनिया होता, वडिलांनाही मानसिक आजार होता, घटनेआधी उपचार झालेले होते, घटनेनंतर तर कितीदा दवाखान्यात नेलं त्याच्या नोंदी होत्या. सोडलं.

तात्या : ठाऊक आहे ती केस. बायकोही घरातलीच होती ना कुणाच्या तरी? तिच्या आईबापानं काय करायचं?

ताई : ते मी नाकारत नाही.

तात्या : नाकारत नाहीस, पण बोलतही नाहीस. तुमच्या सगळ्या परिषदांमध्ये आरोपीचे हक्क, रुग्णाचे हक्क. मेला त्याचा फोटो तेवढा पंचनाम्यात.

इथे मला तात्यांची बाजू पटली, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. पण त्यांनी लगेच रामन राघवचं नाव काढलं आणि स्वतःचं नुकसान करून घेतलं.

तात्या : रामन राघव घे. अडुसष्ट साली मुंबईच्या उपनगरात झोपलेल्या माणसांची डोकी फोडत फिरायचा. रमाकांत कुलकर्णी साहेबांनी तपास केला. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे. कबुली दिली, फाशी झाली, त्यानं अपीलसुद्धा केलं नाही. आणि मग डॉक्टर आले. फाशी गेली. पंचाण्णव सालापर्यंत सरकारनं पोसला.

ताई : डॉक्टर आपणहून नाही आले, उच्च न्यायालयानं बोलावले. फाशी कायम करण्याआधी तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं. त्याच्या जगात सगळे मिळून त्याच्याविरुद्ध कट करत होते. अपील का केलं नाही, याचा विचार केलात? शहाणा माणूस फाशीविरुद्ध अपील करतो. आणि सुटला कुठे? १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये ससूनमध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन मेला, तोवर कोठडीतच. सत्तावीस वर्षं. याला सुटका म्हणायचं तर जन्मठेप कशाला म्हणायचं?

तात्या : ते बरोबर आहे तुझं. पण मग वॉर्ड भरला कशानं? हे सांग की.

ताई : तेच सांगतेय. आत यायला तीन रस्ते आहेत. एक, खटला चालू आहे आणि आरोपीला कोर्टात काय चाललंय तेच कळत नाही. मग खटला थांबवायचा आणि त्याला आमच्याकडे पाठवायचं. दोन, खटला संपला, कृत्य त्यानंच केलं असं ठरलं, पण आजारामुळे दोषी नाही, तोही आमच्याकडे. तीन, शिक्षा झालेला कैदी तुरुंगात आजारी पडला. तिन्हीकडून माणसं येत राहतात.

तिसऱ्या रस्त्याबद्दल ताईनं एक गंमत सांगितली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्ण कैद्यांचं कलम आहे १०३. नव्या न्याय संहितेत खुनाचं कलमही १०३. ‘एकशेतीनचा पेशंट’ म्हटलं की आता विचारावं लागतं, कुठल्या एकशेतीनचा. त्या कायद्यानं राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवं असंही लिहून ठेवलंय, म्हणजे आजारी कैदी एरवी तिथंच जावेत. महाराष्ट्रातलाच एक फाशीचा कैदी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होता, निकालात त्याचं नाव ‘एक्स’ एवढंच आहे. शिक्षेनंतर जडलेला तीव्र मानसिक आजार पाहून न्यायालयानं त्याची फाशी रद्द केली, त्याला मरेपर्यंत तुरुंगात ठेवायचं ठरवलं, आणि सरकारला हेच कलम दाखवलं.

तात्या : रस्ते तीन झाले. परतीचे किती?

ताई : परतीचा एकच, आणि तो तुमच्या खात्यातून जातो.

तात्या : आमच्या? आम्ही काय केलं?

ताई : ऐका. माणूस येतो तेव्हा कपडे फाडत असतो, जेवत नाही, जेवणात विष आहे म्हणतो. गोळ्या सुरू होतात. दोन-तीन महिन्यांत आंघोळ करायला लागतो, घरचा पत्ता नीट सांगतो, न्यायाधीश म्हणजे कोण, वकील कशासाठी, गुन्हा कबूल केला तर काय होतं, हे त्याला कळायला लागतं. आम्ही कोर्टाला पत्र पाठवतो : फिट आहे, खटला चालवता येईल. आता कोर्टानं तारीख द्यायची, तुरुंगानं मागणी करायची, पोलिसांनी कैदी न्यायला पार्टी द्यायची. पत्राला उत्तर येत नाही. पुन्हा पत्र. मग तारीख येते, त्या दिवशी पार्टी नसते.

तात्या : नसणारच. गणपती, मोहरम, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा. मुख्यालयात सकाळी हजेरीला चाळीस माणूस, त्यातला तीस बंदोबस्ताला. उरलेल्या दहांत कोर्टाच्या तारखा, जेलच्या तारखा, दवाखान्याच्या तारखा. साहेब म्हणणार, हा कुठं पळून जातोय, याला पुढच्या वेळी न्या. मीसुद्धा म्हणलोय.

ताई : मग एकदाची पार्टी मिळते. माणूस कोर्टात जातो. कोर्ट म्हणतं, फिट आहे ना, मग तुरुंगात ठेवा, साक्षीपुरावे सुरू करू. आमच्याकडून गोळ्यांची चिठ्ठी जाते. तुरुंगात गोळी मिळाली तर मिळाली. मिळाली तरी तोंडात टाकून गिळली का, हे बघायला तिथं माणूस नसतो. साक्षीदार पहिल्या तारखेला येत नाही, दुसरीला वकील नसतो. तेवढ्या दिवसांत हा पुन्हा जेवण थांबवतो. पुन्हा आमच्याकडे. नवी फाईल, जुना माणूस. मामा, तुम्ही म्हणता गुन्हेगार सोंग करून आत येतात. माझ्या वॉर्डातली गर्दी सोंगाड्यांची नाही. एकच माणूस पुन्हा पुन्हा येतो, आणि बरा झालेला माणूस जात नाही.

तात्या : आता व्हिडिओ कॉन्फरन्सवर तारीख होते की. पार्टी कशाला लागते?

ताई : होते. सोयीची आहे. पण एक प्रसंग सांगते. एकाचा आजारच असा होता की टीव्हीतली माणसं आपल्याबद्दल बोलतात. बातम्या देणारी बाई त्याला नावानं हाक मारते म्हणायचा. चांगला झाला, टीव्हीसमोर बसून क्रिकेट बघायला लागला. मग आम्ही त्याला पडद्यासमोर बसवलं, आणि पडद्यातून न्यायाधीशांनी त्याला नावानं हाक मारली.

तात्या हसले. ताईही हसली. न्यायाधीशांचा त्यात काही दोष नव्हता. त्या माणसानं नंतर डॉक्टरांना शांतपणे विचारलं म्हणे, ‘हे खरे होते ना?’ ताईच्या मते त्या प्रश्नावरूनच तो फिट असल्याचं दिसत होतं. पण तसं प्रमाणपत्रात लिहायला रकाना नाही.

हे सगळं आपल्याकडचंच रडगाणं आहे असं वाटून मी मध्ये पडलो आणि परदेशाचं विचारलं. ताईनं झटकन सांगितलं. जर्मनीत न्यायालयाच्या हुकमानं बेमुदत मनोरुग्णालयात ठेवलेल्यांची संख्या १९९० पासून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दुपटीहून जास्त झाली. गुस्ट्ल मोलाथ नावाच्या माणसाला सात वर्षं असंच डांबून ठेवल्याचं प्रकरण गाजलं आणि २०१६ मध्ये कायदा आवळावा लागला. अमेरिकेत सरकारी मनोरुग्णालयांतले असे रुग्ण १९९९ ते २०१४ या काळात शेकडा ७६ नं वाढले. तिथं तर उलटी रांग आहे : दवाखान्यात खाट रिकामी नाही म्हणून आजारी आरोपी तुरुंगात थांबलेले. वॉशिंग्टन राज्यात २०१५ मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की सात दिवसांत दाखल करा. इटलीनं असली जुनी इस्पितळं बंदच केली, छोटी निवासी केंद्रं काढली, आणि आता त्या केंद्रांबाहेर प्रतीक्षायादी आहे. लायोनेल पेनरोज यांनी १९३९ मध्ये युरोपातल्या अठरा देशांचे आकडे मांडून दाखवलं होतं की जिथं मनोरुग्णालयात खाटा कमी, तिथं तुरुंगात माणसं जास्त. त्यावर अजून भांडणं चालू आहेत. माझं मत विचाराल तर, हे सगळे देश आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत एवढीच बाब मला महत्त्वाची वाटते. म्हणजे नुसता पैसा ओतून हे सुटणारं नाही.

तात्या : ते जर्मनीचं राहू दे. आपल्याकडे खाटा किती?

ताई : चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. ही मंजूर संख्या. सगळी इंग्रजांच्या काळातली. आपल्या नगरला सगळ्यात जवळचं म्हणजे येरवडा, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

तात्या : मला सांगतेस? तो रस्ता पाठ आहे माझा.

आणि मग तात्यांनी ती गोष्ट सांगितली जी घरात आम्ही पूर्वीही ऐकली होती, पण हसण्यावारी नेली होती. चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातलेला एक शेतकरी ते पुण्याला नेत होते. उन्हाळा. सुपा गाव मागे पडलं, तात्यांनी पाण्याची बाटली काढली. शेजारी बेडीतला माणूस तोवर गप्प बसलेला. त्यानं एकदम दोन्ही हातांनी बाटली हिसकावली आणि पाणी खिडकीतून ओतून दिलं. तात्यांनी हात उगारला. तो म्हणाला, ‘साहेब, मारा, पण पिऊ नका. यात घातलंय. तुम्हाला लेकरं असतील.’ शिरूर येईपर्यंत तात्या तहानलेले. तिथं चहा घेतला तर त्यानं तोही आधी स्वतः चाखून बघितला, मग तात्यांकडे कप सरकवला.

ताई : मामा, तो तुम्हाला वाचवत होता.

तात्या : ते तेव्हाच कळलं मला. म्हणून तर मारलं नाही.

ताई : चुलतभावाला का मारलं होतं?

तात्या : विहिरीत औषध टाकतो म्हणून. तपासात तसंच आलं होतं. चुलतभावानं काय एक विहिरीवर मोटार बसवली होती, तेवढंच.

ताई : मग त्याच्या डोक्यात तो गाव वाचवत होता. तुम्हाला वाचवलं तसंच. आणि हे काही एका रात्रीत झालं नसणार. त्याच्या बायकोला दोन वर्षं आधी कळलं असणार. घरचं पाणी ओतून देत असेल. देवऋषी केला असेल, दर्ग्यावर नेला असेल. दवाखान्यात नेला का?

तात्या : बायको म्हणाली होती, एकदा नगरला नेला, गोळ्या दिल्या, झोप यायची, नांगराच्या वेळी झोप परवडत नाही म्हणून बंद केल्या.

ताई : हेच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं २०१५-१६ मध्ये. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना. महिन्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन आहे, फ्लुफेनाझिनचं. जुनं औषध, स्वस्त. ते त्याला नांगराच्या आधी मिळालं असतं तर तुम्हाला बाटली काढायची वेळ आली नसती. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. कागदावर तो तालुक्यापर्यंत पोचलाय. इंजेक्शन संपलंय की आहे, हे मात्र त्या दिवशी तिथं गेल्यावर कळतं.

तात्या : आणि मेलेल्याला याचा काय उपयोग?

ताई : काही नाही.

तात्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी मोर्चा गावाकडे वळवला. हिवरे बाजाराचा विषय निघाला की त्यांचा हवालदारी आवाज मऊ होतो.

तात्या : हे गाव बघ. एकोणनव्वदच्या आधी इथं सरकारी माणसाची बदली म्हणजे शिक्षा होती. हातभट्ट्या, मारामाऱ्या, पाऊस नाही, काम नाही. पोपटराव सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. पिण्यापलीकडे बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. दरवर्षी पाऊस किती पडला, किती मुरला, माणसाला किती, जनावराला किती, रानाला किती, सगळं ग्रामसभेत मांडायचं, आणि उरेल तेवढंच पीक घ्यायचं. दारू गेली तशी भांडणं गेली. लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी सक्तीची केली, लोक सुरुवातीला लाजले, मग सवय झाली. डोक्याच्या आजारालाही असंच का नको? ग्रामसभेत मांडा. कुणाच्या घरात कोण औषध घेत नाही ते गावाला कळू दे. गाव बघेल.

मला वाटलं होतं, ताई या सूचनेवर खूश होईल. समाजानं जबाबदारी घ्यावी असं ती नेहमी म्हणते. ती उसळलीच.

ताई : अजिबात नको! पाण्याचा हिशेब चव्हाट्यावर मांडा, मनाचा नाही. एकदा ग्रामसभेत नाव निघालं की त्या घरातल्या मुलीचं लग्न कोण जुळवेल? रात्री कुठं काही हरवलं तर पहिला संशय कुणावर? तुमच्या हवालदारी नजरेची जागा सगळ्या गावाची नजर घेईल, आणि ज्याला आधीच वाटतंय की सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत, त्याच्यावर सगळे खरोखरच पाळत ठेवतील. कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची आहे, उगीच नाही.

तात्या : म्हणजे गावानं काही करायचं नाही, पोलिसानं काही करायचं नाही, आणि वॉर्ड भरला म्हणून रडायचं.

ताई : गावानं करायचं खूप आहे. पण तुमचा पाण्याचा ताळेबंद घ्यायचा तर पूर्ण घ्या. तलाव भरला की तुम्ही नुसतं पाऊस जास्त झाला म्हणत नाही, सांडव्याकडेही बघता. आमचा सांडवाच बुजलाय. आसामात माचांग लालुंग नावाचा माणूस १९५१ मध्ये पकडला. दुखापतीचा गुन्हा. तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवला. १९६७ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, बरा आहे. सुटला २००५ मध्ये, एक रुपयाच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं. खटला कधी चाललाच नाही. त्याला कुणी मुद्दाम डांबलं नव्हतं. फाईल कुणी वर काढली नाही, एवढंच.

तात्या : चोपन्न?

ताई : चोपन्न. आणि मुंबईच्या पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९९३ मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की ज्यांनी काहीच गुन्हा केला नाही अशा वेड्यांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. काहीच गुन्हा केला नाही, मामा! रस्त्यावर सापडले म्हणून आत.

तात्या : ते आम्हीपण करायचो. बाई भर पावसात एसटी स्टँडवर, अंगावर धड कपडा नाही. ठेवणार कुठं? पुढं शिंगवे नाईकला धामणे डॉक्टर नवरा-बायकोचं ‘माऊली’ हे आश्रयघर झालं, तेव्हा सुटलो. नाहीतर लॉकअपमध्येच बसवायचो, निदान छप्पर मिळायचं.

ताई : आता तेही करता येत नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअप नाही.

तात्या : चांगलं झालं. पण मला मुद्द्याचं सांग. तुझ्या वॉर्डातला बरा झालेला माणूस घरी का जात नाही? कोर्ट तारीख देत नाही ते कळलं. पण ज्याचा खटला संपलाय, निर्दोष झालाय, तो?

ताई : कोर्ट म्हणतं, नातेवाईक किंवा मित्र हमी देत असेल तर सोडा. सांभाळीन, औषध देईन, स्वतःला आणि दुसऱ्याला इजा करू देणार नाही, बोलावलं की हजर करीन. खटला चालू असतानासुद्धा असं सोडता येतं. गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हेही बघत नाहीत. पण हमी कोण देणार? बायको माहेरी गेलेली असते. भाऊ म्हणतो, जमीन माझ्या नावावर झालीय, त्याला आणू नका. असं तोंडावर म्हणत नाही, पण फोन उचलत नाही. काही वेळा मेलेला माणूस त्याच घरातला असतो. आई कुणाची बाजू घेणार? मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी याच प्रश्नावर उच्च न्यायालयात गेले, बरे होऊनही वर्षानुवर्षं आत राहिलेल्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयानंही राज्यांना मधली घरं, म्हणजे ‘हाफवे होम’, बांधायला सांगितलंय. २०२१ मध्ये आपल्या राज्याला झापलंसुद्धा, बरे झालेले रुग्ण भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवता म्हणून.

तात्या : भिक्षेकरीगृहात? त्यापेक्षा वॉर्ड बरा.

ताई : रुग्णही तेच म्हणतात.

तात्या बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग त्यांनी जे विचारलं ते या सगळ्या वादात मला सर्वांत कामाचं वाटलं. आयुष्यभर जामीनदारांची कागदपत्रं तपासलेला माणूसच तसं विचारू शकतो.

तात्या : त्यात ‘नातेवाईक किंवा मित्र’ असं लिहिलंय म्हणतेस. मित्र म्हणजे कोण? सातबारा लागतो का? ग्रामपंचायत चालेल?

ताई : ग्रामपंचायत नाही, माणूस लागेल. रक्कम कोर्ट ठरवतं.

तात्या : एक माणूस कशाला अडकेल? चार-पाच जणांनी मिळून दिली तर? ग्रामसभेत नाव घ्यायचं नाही म्हणतेस, नको. पण गावातली पाच माणसं, त्याला ओळखणारी. एक त्याला महिन्याला इंजेक्शनला नेणार, एक कामावर ठेवणार, एक नुसता रोज संध्याकाळी जाऊन बसणार. बाटली ओतायला लागला की कळेल ना त्याला आधी.

ताई : हे होऊ शकतं. मी कोर्टापुढे असा अर्ज अजून बघितलेला नाही, पण कायद्यात अडवणारं काही नाही.

तात्या : पण माझी अट आहे. सही करायच्या आधी मेलेल्याच्या घरी विचारायचं. त्याची बायको त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर. ती नाही म्हणाली तर मी सही करणार नाही.

ताई : मामा, कायद्यात तिला विचारायची तरतूद नाही. ती निकालाविरुद्ध अपील करू शकते, आरोपी सुटला तरी न्यायालय तिला नुकसानभरपाईची शिफारस करू शकतं...

तात्या : भरपाईचं मला माझ्या नोकरीत एकाही विधवेनं विचारलं नाही, कारण आम्ही कुणी तिला सांगितलंच नाही. ते जाऊ दे. विचारायची तरतूद नसली म्हणून विचारायला बंदी आहे का?

ताई : बंदी नाही. पण ती नाही म्हणाली, पुढच्या वर्षी नाही म्हणाली, दहा वर्षं नाही म्हणत राहिली, तर बरा झालेला माणूस दहा वर्षं आत? मग लालुंगमध्ये आणि याच्यात फरक काय? बरं, तुम्हाला तिचं ऐकायचंय. तिला त्याचा आजार काय होता हे कुणी समजावून सांगितलंय का? तिच्या लेखी त्यानं वैरानं मारलं.

तात्या : मग आधी ते सांगायला जा. एकदा जाऊन भागायचं नाही. आणि नाही म्हणाली तर त्याला दुसऱ्या गावी ठेवू, पाच माणसं तिथली बघू. पण तिला न विचारता नाही.

ताई : आणि सांगायला जायचं कुणी? पोलीस?

तात्या : पोलीस नको. वर्दी बघितली की ती पुन्हा पंचनाम्याच्या दिवसात जाते. तू जा. हवं तर मी येतो, पण साध्या कपड्यात, आणि बाहेरच्या ओट्यावर बसेन.